बसचा पास आणि पदवी: कम्युनिटी कॉलेजातले विद्यार्थी का गळतात आणि कशाने टिकतात

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने २०२६ सालच्या खर्चाचा प्रस्ताव मांडला. ‘ट्रायो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शिक्षणात मदत करणाऱ्या साठ वर्षं जुन्या योजनांचं अनुदान पूर्ण थांबवावं, असं त्यात सुचवलं होतं. कारण दिलं होतं ते असं, की बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना कॉलेजात प्रवेश मिळणं ही आता पूर्वीसारखी अडचण राहिलेली नाही.

मी हे मावसबहिणीला फोनवर सांगितलं. ती न्यू जर्सीत असते. एस.वाय. बी.कॉम. झाल्यावर तिचं लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेली आणि चौतिसाव्या वर्षी तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगला नाव घातलं. ती म्हणाली, “खरंच आहे की. प्रवेश मला अर्ध्या तासात मिळाला. पुढचं कोण सांगणार?” पहिल्या दोन सत्रांत तिने घेतलेल्या विषयांपैकी दोन तिच्या पदवीत धरलेच जात नव्हते. फी भरली, मुलाला शेजारी ठेवून परीक्षा दिल्या, चांगले गुण मिळवले आणि मग हे कळलं. “अगं, इथे मदत पुष्कळ आहे,” ती म्हणाली, “पण कुठलं दार वाजवायचं हे आधी माहीत असावं लागतं.”

ते दार म्हणजे काय, ते न सापडल्याने किती जण परत फिरतात, आणि ते नीट उघडून ठेवलं तर काय होतं, हे समजून घेऊ. यातल्या काही प्रश्नांची उत्तरं आज बऱ्यापैकी खात्रीने माहीत आहेत, आणि तरीही ती फार थोड्या लोकांपर्यंत पोचली आहेत, याची मला हळहळ वाटते.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते पाहू

अमेरिकेत बारावीनंतर चार वर्षांची विद्यापीठीय पदवी असते. ती महाग असते आणि चांगल्या ठिकाणी प्रवेशासाठी चुरस असते. त्याला पर्याय म्हणून गावोगावी दोन वर्षांची सरकारी कॉलेजं उभी राहिली. यातलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ मध्ये सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर काढायची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. आज अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत.

इथे मिळते ती असोसिएट डिग्री. त्यासाठी साधारण ६० क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप. बहुतेक विषय तीन क्रेडिटचे, म्हणजे सुमारे २० विषय पार करायचे. त्यानंतर नोकरी धरायची किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षात जायचं. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून मुलं डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जातात, तसाच हा मागच्या दाराचा पण मानाचा रस्ता. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, दातांच्या दवाखान्यातले मदतनीस, हिशेबनीस असे कितीतरी लोक इथेच घडतात.

या कॉलेजांचं मोठेपण त्यांच्या दारात आहे. बारावी झालेल्या कुणालाही प्रवेश मिळतो. त्यामुळे वर्गात अठरा वर्षांचा मुलगा असतो आणि त्याच्या बाकावर दोन मुलांची आईही असते. साधारण दोनतृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, कारण उरलेला वेळ कामाचा असतो. अमेरिकेत पदवीसाठी शिकणाऱ्या दर पाच जणांतला साधारण एक जण स्वतः पालक आहे, आणि अशांची मोठी संख्या याच कॉलेजांत सापडते.

आत जाणं सोपं, पदवी घेऊन बाहेर पडणं अवघड

पूर्ण वेळ शिकायला पहिल्यांदाच आलेल्या दहा जणांपैकी जेमतेम तिघांना तीन वर्षांत असोसिएट डिग्री मिळते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षं धरूनही तीनच. काही जण डिग्री न घेता विद्यापीठात निघून जातात, तेही लक्षात घ्यायला हवं. पण तिथलं चित्र काही फार निराळं नाही. या कॉलेजांत येणारे बहुतेक जण पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची म्हणून येतात. सहा वर्षांनी ती हातात पडते सुमारे सहातल्या एकाच्या.

असं का होतं? ‘अभ्यास झेपत नाही’ हे झटपट मिळणारं उत्तर आहे. काहींना खरोखरच झेपत नाही. पण एक मुलगी डोळ्यांसमोर आणू. ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहते, आई म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाते, हिला दुकानात काम आहे. मंगळवारी-गुरुवारी सकाळी इंग्रजी, संध्याकाळी गणित. धाकट्या भावाला शाळेतून आणायचं तेही हिच्याकडे. दुकानाचा मालक दर आठवड्याला पाळी बदलतो. गणिताचं पुस्तक शंभर डॉलरच्या वर आहे, म्हणून ते पुढच्या पगारात घेऊ असं ती ठरवते. महिनाअखेरीला बस-मेट्रोच्या कार्डात पैसे उरत नाहीत. एका मंगळवारी ती जात नाही. त्या दिवशी चाचणी असते. पुढच्या वेळी सरांना काय सांगायचं या संकोचाने ती पुन्हा जात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दुकानातली सकाळची पाळी घेते.

तिने कॉलेज सोडायचं असं कधी ठरवलेलंच नाही. ती फक्त जायची थांबली. आणि तिला कुणाचाही फोन आला नाही.

यातली एकही अडचण एकटी घेतली तर मोठी नाही. हातावर पोट असलेल्या घरात एक साधं आजारपण आलं की दूधवाला, दुकानदार, भाडं अशी सगळी माळ तुटत जाते, तसंच हे आहे. टेक्सासमधल्या अमरिलो कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांनाच विचारलं की तुमच्या आड काय येतं. सर्वांत वर आलेल्या अडचणी वर्गाबाहेरच्या होत्या: घरभाडं, जेवण, मुलांना सांभाळणं, येण्याजाण्याचं साधन. मग त्या कॉलेजाने आवारातच एक मदतकेंद्र उघडलं. तिथे धान्य-डब्यांची शिधा-खोली होती आणि समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं बसत होती.

मदत असते, मग अडतं कुठे?

विद्यार्थ्याला शिकवण्यापलीकडे कॉलेज जे काही करतं त्याला ‘साहाय्य सेवा’ म्हणू. विषय कोणते घ्यायचे हे सांगणारा सल्लागार, शिकवणी केंद्र, शिष्यवृत्तीचं कार्यालय, नोकरीचं मार्गदर्शन, समुपदेशन, पाळणाघर, शिधा-खोली हे सगळं त्यात आलं. जवळजवळ प्रत्येक कॉलेजात यातलं काही ना काही असतंच.

सुरुवातीला उल्लेख केलेलं ट्रायो याच वर्गातलं. १९६४ ते १९६८ या काळात केंद्र सरकारने एकामागोमाग तीन कार्यक्रम काढले, त्या तिघांवरून हे नाव पडलं. पुढे त्यात आणखी भर पडली. पहिले दोन शाळकरी मुलांना कॉलेजपर्यंत आणण्यासाठी होते. तिसरा आत आलेल्यांना टिकवण्यासाठी आहे: कमी उत्पन्नाच्या घरातले, अपंग, आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणीच चार वर्षांची पदवी घेतलेली नाही असे ‘पहिल्या पिढीचे’ विद्यार्थी. म्हणून प्रवेश सोपा झाला हे कारण देऊन हा तिसरा कार्यक्रम बंद करणं मला पटत नाही. प्रवेशानंतर जे घडतं त्यासाठीच तर तो काढला होता.

पण पैशाइतकीच मोठी अडचण रचनेची आहे. प्रत्येक सेवेची खोली वेगळी, वेळ वेगळी, अर्ज वेगळा. सल्लागाराचंच पाहा. न्यूयॉर्कच्या ज्या कॉलेजांबद्दल पुढे सांगणार आहे, तिथे एका सल्लागाराच्या वाट्याला ६०० ते १५०० विद्यार्थी येत. हजार धरू. पंधरा आठवड्यांचं सत्र, आठवड्याला पस्तीस तास काम: प्रत्येकाच्या वाट्याला सत्रभरात अर्धा तास. तोही सल्लागाराने दुसरं काहीच केलं नाही तर. हा माणूस कितीही मायाळू असला तरी त्याची एस.टी. स्टँडवरची चौकशी खिडकी होते. विचाराल तेवढं सांगेल, पण तुम्ही आला नाहीत हे त्याला कसं कळणार?

आणि ज्याला सर्वांत जास्त गरज असते तोच खिडकीपाशी जात नाही. आपल्याला जमत नाहीये हे कबूल करण्याची त्याला लाज वाटते, किंवा अशी खिडकी आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

न्यूयॉर्कने २००७ मध्ये काय केलं

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाला सगळे ‘क्यूनी’ म्हणतात. त्याच्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ मध्ये ‘एसॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सामील झालेल्यांपैकी निम्म्यांना तरी तीन वर्षांत डिग्री मिळाली पाहिजे, असं ठरवून त्यांनी कामाला हात घातला. त्या वेळच्या आकड्यांकडे पाहिलं तर हे लक्ष्य फार धाडसाचं होतं.

त्यांनी नवी कुठलीही युक्ती शोधली नाही. विखुरलेल्या सगळ्या मदती गोळा करून एका माणसाच्या हातात दिल्या. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. त्याला महिन्यातून निदान दोनदा भेटायचं. फी आणि शिष्यवृत्ती यांत जे अंतर उरेल ते कार्यक्रम भरणार. पुस्तकं फुकट. पहिल्या वर्षी तास शक्यतो सलग, म्हणजे कामाच्या पाळ्या ठरवता येतील. कच्च्या विषयांसाठी शिकवणी सक्तीची. शिवाय नोकरीचा सल्लागार वेगळा.

आणि महिन्याचा बस-मेट्रोचा पास. त्या काळी तो शंभर डॉलरच्या आसपास होता. भेटीगाठी पाळल्या तरच तो मिळायचा. मला या सगळ्या रचनेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पास हवा म्हणून मुलगी सल्लागाराकडे जाते, आणि पास घेता घेता बोलून जाते की दुकानात पाळी बदलली आहे, गणिताचा तास चुकतोय. अडचण तिसऱ्या आठवड्यात कळते, सत्र संपल्यावर नाही. पूर्वी गावातला मास्तर पोरगा दोन दिवस दिसला नाही की घरी येऊन उभा राहायचा, त्याची आठवण होते.

त्या बदल्यात विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचं, ही अट.

‘हुशार आणि होतकरू मुलंच त्यात आली असतील’

ही शंका रास्त आहे. क्लासवाले आपले टॉपर फलकावर लावतात तेव्हा आपल्या मनात हाच प्रश्न येतो: ती मुलं क्लासमुळे पुढे आली, की मुळातच पुढे होती?

याचा निकाल लावायचा एक प्रामाणिक मार्ग आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या प्रवेशांसाठी जशी सोडत काढतात तशी सोडत काढायची. इच्छुक सगळे सारखेच. कुणाला जागा मिळते ते नशिबावर. मग दोन्ही गटांत पुढे जो फरक पडतो तो जागेमुळेच पडला असं म्हणता येतं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने २०१० पासून क्यूनीच्या तीन कॉलेजांत ८९६ विद्यार्थ्यांवर हेच केलं. सगळे कमी उत्पन्नाचे, आणि सगळ्यांना एक-दोन विषयांत उजळणी करावी लागणार होती.

तीन वर्षांनी नेहमीच्या गटातल्या २२ टक्के विद्यार्थ्यांना डिग्री मिळाली होती, एसॅपच्या गटातल्या ४० टक्क्यांना. शिक्षणातल्या अशा प्रयोगांत चार-पाच टक्क्यांचा फरक पडला तरी लोक समाधान मानतात.

‘नेहमीच्या गटातलेही उशिरा का होईना पोचलेच असतील’ असंही कुणी म्हणेल. काही पोचले. सहा वर्षांनी आकडे ५१ आणि ४१ झाले. अंतर कमी झालं, तरी शंभरात दहा जण असे होते ज्यांना या मदतीवाचून डिग्री मिळाली नसती. आणि बाकीच्यांची वर्षं वाचली, हे पोरंबाळं असलेल्या माणसासाठी लहान नाही.

‘न्यूयॉर्कचं सोडा, तिथे मेट्रो आहे’ हीसुद्धा शंका होती. म्हणून ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी तेच करून पाहिलं. तिथे लोक गाडीने येतात, म्हणून पासऐवजी पेट्रोल-किराण्यासाठी महिन्याला ५० डॉलरचं कार्ड दिलं. तीन वर्षांनी १९ टक्क्यांच्या जागी ३५ टक्के. सहा वर्षांनी पाहिलं तर त्या विद्यार्थ्यांची कमाईही सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेली होती.

‘पण एवढा खर्च कोण करणार?’

खर्च होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या अभ्यासात तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जास्त लागले. नेहमीच्या खर्चाच्या जवळजवळ ६३ टक्के अधिक.

आता एक बाग घ्या. तुम्ही आंब्याची शंभर कलमं लावली, पाऊस पडेल तेव्हा पडेल म्हणून सोडून दिली. तीन वर्षांनी २२ जगली. शेजाऱ्याने शंभर कलमांना कुंपण घातलं, ठिबक केलं, माणूस ठेवला. त्याचा खर्च तुमच्यापेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त झाला, पण त्याची ४० जगली. शंभर कलमांमागे कुणाचा खर्च कमी, असं विचाराल तर तुमचा. जगलेल्या प्रत्येक झाडामागे विचाराल तर शेजाऱ्याचा. न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच निघालं: हातात पडलेल्या दर डिग्रीमागचा खर्च नेहमीपेक्षा ११ टक्क्यांनी कमी होता.

आपण वाळलेल्या झाडांचा खर्च हिशेबात धरत नाही, म्हणून बिनकुंपणाची बाग स्वस्त वाटते. त्या वाळलेल्या झाडांत माणसाची दोन वर्षं असतात आणि बऱ्याचदा फेडायचं कर्जही. डिग्रीशिवाय कर्ज फेडणं म्हणजे न मिळालेल्या घराचे हप्ते भरणं.

अंदाजपत्रक बनवणाऱ्यांना मात्र खर्च यंदा दिसतो, झाड तीन वर्षांनी. सगळं त्यात अडतं. तरीही क्यूनीने पुढे हा कार्यक्रम २५,००० विद्यार्थ्यांपर्यंत नेला.

‘मग सरळ पैसेच द्या ना’

मलाही आधी असंच वाटायचं. माणसाला आपली गरज कळते, रक्कम हातात द्या, तो पाहील.

टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ शहरातल्या टॅरंट काउंटी कॉलेजात २०१३ च्या सुमारास यावर एक प्रयोग झाला. इथेही सोडत होती, पण गट तीन. पहिल्या गटाला एक समाजसेवक दिला, जो घर, नोकरी, मुलं, कोर्टकचेरी, सगळ्यांत सोबत करायचा. आणि अचानक अडलं तर थोडे पैसेही. दुसऱ्या गटाला अडीअडचणीचे पैसे फक्त. तिसऱ्याला नेहमीचंच. पहिल्या गटातल्या स्त्रियांमध्ये टिकून राहण्याचं आणि डिग्री मिळवण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. नुसते पैसे मिळालेल्या गटात आणि काहीच न मिळालेल्या गटात फरक दिसला नाही. पहिल्या गटातल्या पुरुषांमध्येही तसा फरक पडला नाही, हे कोडं अजून सुटायचं आहे.

यावरून पैसे निरुपयोगी आहेत असा अर्थ मी काढणार नाही. एसॅपमध्ये पास आणि पुस्तकं हे पैसेच होते. पण गाडी बिघडल्यावर दुरुस्तीचे दोनशे डॉलर कुणाकडे मागायचे, कुठल्या गॅरेजवर विश्वास ठेवायचा, तोवर तास चुकले तर सरांना कसं लिहायचं, हे सांगणारं माणूस शेजारी असलं तरच ते पैसे पदवीच्या कामी येतात.

‘हल्ली ॲप आहेत, मेसेज पाठवा’

स्वस्त म्हणून हाही उपाय खूप गाजला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची आठवण मोबाईलवर पाठवायची. छोट्या प्रमाणावर, मुलांना ओळखणाऱ्या संस्थांनी पाठवलेल्या मेसेजचा काही ठिकाणी उपयोग झालाही. मग तेच आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांवर करून पाहिलं गेलं. प्रवेशांत काडीचाही फरक पडला नाही. अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजचं आपण काय करतो, हे आठवलं की आश्चर्य वाटत नाही.

‘मोठ्या माणसांना असं बोट धरून चालवायचं का?’

या प्रश्नाचा मला राग येत नाही, पण उत्तर मनापासून द्यावंसं वाटतं.

डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला नीटचा फॉर्म कसा भरायचा, कोणतं कॉलेज कितव्या फेरीत लागतं, प्रमाणपत्र राहिलं तर कुणाला भेटायचं हे जेवताना कळतं. त्याच्या घरी सल्लागार आहे, पुस्तकं आहेत, गाडी आहे, आणि दोन दिवस कॉलेजला गेला नाही तर ‘काय रे, बरं नाही का?’ असं विचारणारी आई आहे. त्याला कुणी बोट धरलेला म्हणत नाही. हीच मदत ज्याच्या घरात नाही त्याला बाहेरून दिली, की ते लाड कसे होतात?

आणि ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. फी माफ करून भागत नाही, पोराला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली ती याच जाणिवेतून: खेड्यातून आलेला मुलगा हुशार आहे, प्रवेशही मिळाला आहे, पण शहरात त्याचं कुणी नाही. आपल्याकडच्या वसतिगृहातले रेक्टर आणि क्यूनीचा सल्लागार यांच्या कामात मला फारसा फरक दिसत नाही.

एसॅपला एक खरी मर्यादा मात्र आहे. पूर्ण वेळ शिकण्याची अट. दोनतृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे असताना त्यांतल्या अनेकांना ही अट पाळताच येणार नाही. नोकरी सोडू न शकणाऱ्या आईसाठी इतकं पक्कं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही.

उजळणीचा जिना

एक अडथळा असा होता की तो मदतीच्या नावाखालीच उभा राहिला. कॉलेजात आल्या आल्या गणित-इंग्रजीची चाचणी घेत. कच्चं आढळलं की आधी उजळणी वर्ग, कधी एक, कधी एकावर एक तीन. फी पूर्ण, क्रेडिट शून्य. हेतू चांगला होता. पण हिशेब करून पाहा: प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर पार झाले, तर तीन पायऱ्यांनंतर उरतात चौतीस. खरा गणिताचा वर्ग अजून सुरूही झालेला नाही.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून हे उलटवलं. चाचणीऐवजी शाळेतले गुण प्रामुख्याने बघायचे, आणि विद्यार्थ्याला शक्यतो थेट पदवीच्या वर्गात बसवून सोबत जादा तास द्यायचे. टेनेसीने त्याआधीच ही वाट धरली होती. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा किंवा भोपळा बांधून पाण्यातच सोडतात. काठावर बसवून तीन महिने हातपाय मारायला लावत नाहीत. तसंच हे. सगळेच तरतात असं नाही, पण पदवीचं गणित पार करणाऱ्यांची संख्या वाढली.

तिकडे शिकणाऱ्या आपल्या माणसांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांचा या कॉलेजांशी संबंध वाटतो त्याहून जास्त आहे. शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेऊन क्रेडिट जमवणारी मुलं आहेत, आणि माझ्या मावसबहिणीसारख्या, नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायका आहेत. एच-४ व्हिसावर शिकता येतं, अर्धवेळसुद्धा. मात्र केंद्र सरकारची पेल शिष्यवृत्ती या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर तिच्यासाठी अर्ज करता येतो. शिकवणी केंद्र, शिधा-खोली, समुपदेशन अशा कॉलेजाच्या स्वतःच्या सेवा बहुतेक ठिकाणी नाव नोंदवलेल्या कुणालाही खुल्या असतात. तिथे जायला आपली माणसं कचरतात. कचरू नये, त्या फीमध्येच धरलेल्या आहेत.

मावसबहिणीला शेवटी एक सल्लागार बाई भेटल्या. कॅन्टीनमध्ये शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने त्यांचं नाव सांगितलं म्हणून. त्यांनी एका कागदावर उरलेल्या सत्रांचे विषय क्रमाने लिहून दिले. तो कागद अजून तिच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. आता ओळखीतलं कुणी प्रवेश घ्यायला निघालं, की ती त्यांना फीबद्दल विचारण्याआधी कॉलेजात चार गोष्टी विचारून यायला सांगते. एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी आहेत? दर वेळी तोच माणूस भेटणार, की जो असेल तो? इथले कोणते विषय कुठलं विद्यापीठ धरतं, हे लेखी मिळेल का? आणि मी दोन आठवडे आले नाही, तर मला फोन कोण करेल?